घर एकच, उंच्या तीन: ४५७, ३९१ की १००?

दोनगुंठेवाली

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात दोन गुंठ्यांवर घर काढलंय. पाया भरून झाला, आता जोतं उचलायचंय. इंजिनिअरच्या नकाशात जोत्यासमोर ‘आरएल १००.६००’ असं लिहिलंय. आमचे चिरंजीव आठवीत आहेत आणि त्यांना सगळ्यात नाक खुपसायचं असतं. त्यांनी प्लॉटच्या मधोमध उभं राहून फोनवर जीपीएसचं अ‍ॅप उघडलं, तर उंची ३९१ मीटर. नेटवर सोलापूरची उंची शोधली, तर समुद्रसपाटीपासून ४५७ मीटर. इंजिनिअरसाहेबांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, ते वेगळं, हे वेगळं,” आणि स्टीलच्या भावाकडे वळले. गवंडी म्हणतो, “नकाशा ठेवा बाजूला, मी नळीनं लेव्हल काढतो, मला आकडाच लागत नाही.”

आता मी कुणाचं ऐकू? समोरचा रस्ता नव्यानं होणार आहे, मागच्या बाजूला ड्रेनेजचं चेंबर आहे. पावसाचं पाणी घरात शिरू नये आणि संडासचं पाणी तुंबू नये, एवढीच माझी माफक इच्छा. चिरंजीवांचा प्रश्न वेगळाच आहे. समुद्र इथून अडीचशे-तीनशे किलोमीटर लांब, मग त्याची सपाटी आपल्या प्लॉटपर्यंत आणली कुणी आणि कशी?

जेकार्ड

ताई, तिन्हीची सरासरी काढा आणि जोतं बांधून टाका. गंमत केली हो, मनावर घेऊ नका.

पण उंचीचा विषय निघालाच आहे तर माझंही एक कोडं जोडतो. आमच्या पूर्व भागात नळाला पाणी यायचं त्या दिवशी अख्खी गल्ली मोटारी लावून बसते, लूम बंद ठेवून. परवा पोरांत वाद झाला. एक म्हणाला, आपल्याला पाणी देणारं उजनी धरण सोलापूरपेक्षा उंचावर आहे. मग पाइप टाकला की पाणी आपोआप उतरत यायला पाहिजे की! पंपाचं लाइट बिल कशाला भरायचं? मला उत्तर देता आलं नाही, म्हणून चहा पाजून गप्प केला.

ऑटोलेव्हल_काका

ताई, तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. प्रत्येकानं शून्य वेगळ्या ठिकाणी धरलंय, एवढंच.

माझं आयुष्य ठेकेदारांकडे पातळी मोजायची दुर्बीण लावण्यात गेलं. कालवे, पाइपलाइन, आणि गुडघे बोलायला लागल्यावर बंगल्यांची जोती. त्यामुळे सोप्या आकड्यापासून सुरू करतो.

आरएल म्हणजे धरलेल्या एका पातळीपासून मोजलेली उंची, आणि १००.६०० हा तुमच्या प्लॉटपुरता आकडा. इंजिनिअरनं जवळची एखादी न हलणारी वस्तू धरली असणार आणि तिला १००.००० असं नाव दिलं असणार. याला साइटवर टीबीएम म्हणतात, म्हणजे तात्पुरता बेंचमार्क. शंभरच का? शून्य धरलं तर पायाच्या खड्ड्याच्या पातळ्या वजा येतात, आणि घामाच्या हातानं वहीतलं वजाचं चिन्ह पुसलं गेलं की काम बसलं. तुमचं जोतं त्या वस्तूपेक्षा ६० सेंटिमीटर वर, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तेव्हा आधी नकाशाच्या कोपऱ्यात टीबीएम कुठला ते शोधा. ते लिहिलेलं नसेल तर १००.६०० ला कवडीची किंमत नाही.

गवंड्याला नावं ठेवू नका. त्याच्या नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला येतं, त्याला शिकवावं लागत नाही. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि अर्धी नळी तापलेल्या वाळूवर, अर्धी सावलीत असं करू नका. बस्स. दहा-पंधरा मीटरच्या घरात ती दोन-चार मिलिमीटरच्या पलीकडे चुकत नाही. माझ्या दुर्बिणीतला पातळी दाखवणारा बुडबुडा, म्हणजे बबलही तेच काम करतो. लाखाची मशीन गाडीत ठेवून नळीला हसणारे इंजिनिअर मी पुष्कळ पाहिलेत.

आता ४५७. मुलाला सांगा, ती सपाटी माणसांनी चालत आणली. बंदरात भरती-ओहोटीची पट्टी बसवून वर्षानुवर्षं पाण्याची उंची नोंदवायची आणि तिची सरासरी काढायची, ती झाली मध्यम समुद्रसपाटी. भारतात कराची, मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशी मिळून नऊ बंदरं त्यासाठी धरली होती आणि १९०९ मध्ये देशभरच्या लेव्हलिंगचा एकत्र हिशोब बसवला गेला. तिथून पुढं मागे एक आकडे लिहिलेली उभी पट्टी, पुढे एक पट्टी, मधोमध दुर्बीण. मागचं वाचन वजा पुढचं वाचन, की त्या दोन जागांतला फरक कळला. मग मागची पट्टी उचलून पुढं न्यायची. असं करत घाट चढून देशावर यायचं. वाटेत पुलाच्या कठड्यावर, सरकारी इमारतीच्या पायरीला, रस्त्याकडेच्या दगडावर खूण कोरायची. जुन्या दगडांवर ‘जीटीएस’ (ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे) आणि ‘बीएम’ (बेंचमार्क) ही इंग्रजी अक्षरं दिसतील, ती हीच. तसा दगड दिसला तर त्यावर बसा, पण घराच्या पायरीला उचलून नेऊ नका. नेणारे आहेत.

दुर्बीण मधोमधच का, हे कॉलेजात पाठ करतात आणि साइटवर विसरतात. पृथ्वी गोल आहे. नजर सरळ जाते, जमीन खाली वळते. हवेनं नजर थोडी वाकते तेवढं वजा केलं तरी एक किलोमीटरवर सुमारे पावणेसात सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन्ही पट्ट्या सारख्या अंतरावर असल्या तर दोन्हीकडची चूक सारखीच, वजाबाकीत उडून जाते. शिवाय सोलापूरचं ऊन. मे महिन्यात नऊ-दहानंतर पट्टीवरचे आकडे नाचायला लागतात. साहेब म्हणायचे, अंदाजानं घ्या. अंदाजानं घ्यायचं तर दुर्बीण कशाला आणली? पहाटे निघायचं, उन्हं तापली की मिटवायचं. शेवटी फिरून पहिल्या दगडावर परत यायचं. किलोमीटरचं वर्गमूळ काढून त्याला १२ नं गुणलं की तेवढे मिलिमीटर माफ. नऊ किलोमीटरला ३६. त्याच्या वर गेलं की सगळं पुन्हा.

जेकार्ड, तुमची पोरं हुशार आहेत. उजनीची पूर्ण भरल्यावरची पातळी ४९६.८३ मीटर. सोलापूर ४५७ धरलं तर चाळीस मीटर खाली, हे खरंच. पण मध्ये शंभराहून जास्त किलोमीटर पाइप आहे. पाणी पाइपातून वाहताना घासतं, आणि मोठ्या व्यासाच्या पाइपातही किलोमीटरमागे अर्धा-एक मीटर उंची त्या घर्षणात खपते. म्हणजे अख्ख्या वाटेवर पन्नास ते शंभर मीटर. तुमच्याकडे आहेत चाळीस, तेही धरण काठोकाठ असताना. वर वाटेतले चढ वेगळे. व्यास अफाट वाढवला तर घर्षण कमी होईल, पण मग पंपाचं वाचलेलं बिल लोखंडाला द्यावं लागेल.

आणि धरण काठोकाठ असतं किती दिवस? ४९१.०३ च्या खालचा साठा मृत साठा. एकूण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास धरण, त्यातलं साधारण साडेत्रेपन्न टीएमसी ‘उपयुक्त’, ते या दोन पातळ्यांमधल्या ५.८० मीटरमध्ये. त्याहून जास्त पाणी खाली मृत साठ्यात. पेपरात ‘उजनी वजा ३० टक्के’ वाचून परगावचे पाहुणे चक्रावतात. वजा पाणी कसं असेल, धरणाला उधारी आहे का, असं विचारतात. सांगा त्यांना, इथंही शून्य ४९१.०३ वर धरलंय. पातळी त्याखाली गेली की पंपांना अजून खालून ओढावं लागतं.

दुसरी वाट भीमा नदीची. धरणातून सोडलं की पाणी फुकट उतरत औज-चिंचपूरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. पण वाटेत ऊन पितं, वाळू पिते, काठावरच्या मोटारी पितात. आणि नदी शहराच्या खाली, म्हणजे तिथून पुन्हा वर चढवायचंच. पाइप घ्या नाहीतर नदी, उंचीचे पैसे कुठंतरी मोजावे लागतात.

३९१ चं मला नीट सांगता येणार नाही. फोन हा आमच्या काळात तारेला बांधलेला होता.

नकाशावेडी

काका, ३९१ मी घेते. मी सोलापुरातल्या सात रस्त्याची, सध्या पुण्यात जिओइन्फर्मेटिक्स, म्हणजे संगणकी नकाशांचं शास्त्र शिकते.

फोनला समुद्र माहीत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. तिथून सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. उपग्रहांतली घड्याळं इतकी काटेकोर लागतात की आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद धरावाच लागतो. तिथलं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतं. ते दुरुस्त केलं नाही तर दिवसाभरात अकरा किलोमीटरच्या घरात चूक साचेल, म्हणजे जुळे सोलापुरात उभं राहून फोन तुम्हाला शहराबाहेर दाखवेल.

यातून मिळणारी उंची असते एका गणिती गोलाच्या वर. ध्रुवांशी किंचित चपटा, गुळगुळीत, सगळ्या जगासाठी एकच. खरा समुद्र तसा नाही. पृथ्वीच्या पोटात कुठं जड, कुठं हलकं द्रव्य आहे, त्यामुळे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही, आणि पाणी त्याप्रमाणे कुठं फुगून, कुठं दबून राहतं. लाटा, वारा, भरती काढून टाकली तर समुद्र ज्या पृष्ठभागावर स्थिर होईल आणि जमिनीखालूनही तोच पुढं चालू ठेवला तर जे मिळेल, त्याला जिऑइड म्हणतात. जगातला सर्वांत खोल खळगा आपल्या शेजारी आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला जिऑइड त्या गुळगुळीत गोलाच्या १०६ मीटर खाली आहे. २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या (आयआयएससी) देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी संगणकावर कोट्यवधी वर्षांच्या हालचाली चालवून दाखवलं की खोलवरून वर येणारं गरम, हलकं द्रव्य त्याला कारण असावं.

त्या खळग्याचा उतार पार आपल्यापर्यंत येतो. सोलापूरच्या पट्ट्यात जिऑइड सत्तरेक मीटर खाली आहे. म्हणजे ३९१ मध्ये सत्तर मिळवा, ४६१ झाले. फोनची चूक आणि शहरातला चढउतार धरला तर ४५७ शी जमलंच की! काही अ‍ॅप ही दुरुस्ती स्वतःच करून दाखवतात, काही करत नाहीत. त्यामुळे एकाच फोनवर दोन अ‍ॅप दोन उंच्या सांगतात.

आणि फोनची उंची नेहमीच जागेपेक्षा जास्त चुकते. जागेसाठी चारी दिशांना उपग्रह मिळतात. उंचीसाठी सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही.

आणखी एक सांगते, मला फार आवडतं म्हणून. विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकानं १८०२ मध्ये मद्रासजवळ सर्वेक्षण सुरू केलं. त्यातून ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे जाणारी त्रिकोणांची लांब साखळी तयार झाली, ती पुढं जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षकानं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर साखळीनं मोजलं आणि ताऱ्यांवरूनही काढलं, तर ५.२ सेकंदांच्या कोनाचा फरक आला (एका अंशाचे ३६०० सेकंद). ताऱ्यांचं मोजमाप ओळंब्यावर अवलंबून, आणि ओळंबा हिमालयाकडे ओढला जात होता. प्रॅट या गणिती पाद्र्यानं गणित केलं, तर एवढ्या मोठ्या डोंगरानं त्याच्या तिप्पट ओढायला हवं होतं. मग कमी का ओढतो? १८५५ मध्ये एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं मांडलं की डोंगराखाली हलक्या खडकाची खोल मुळं आहेत. गेले होते नकाशा काढायला आणि हाती लागलं डोंगराच्या पोटात काय आहे ते.

काकांशी थोडं भांडते. आता जमीन मोजणीला रोव्हर, म्हणजे उपग्रहांवर चालणारं मोजणीयंत्र येतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम चालू असलेल्या केंद्रांकडून दुरुस्ती घेतं आणि जागा काही मिनिटांत सेंटिमीटरमध्ये देतं. जिऑइडचं चांगलं मॉडेल त्यात घातलं की उंचीही. घाट चढत पट्ट्या नाचवायचे दिवस गेले.

ऑटोलेव्हल_काका

पोरी, झकास सांगितलंस. आमच्या बबलच्या मागे एवढं रामायण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हद्दीसाठी रोव्हरला तोड नाही, हे कबूल. बांधावरून डोकी फुटायची ती कमी होतील. पण त्याची उंची किती चुकते? तूच म्हणशील, दोन-तीन सेंटिमीटर. संडासच्या सहा इंची पाइपाला आम्ही साठास एक उतार देतो. दहा मीटरला झाले सुमारे पावणेसतरा सेंटिमीटर. त्यात तीन सेंटिमीटर चुकले तर उताराचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला, आणि दोन्ही टोकांना उलट-सुलट चुकले तर तिसरा. ते घाण पाणी तुझं मॉडेल वाचत नाही.

पण ४५७ वाला, समुद्राचा आकडा मात्र फेकू नका. पूररेषा त्याच हिशोबानं असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येईल अशाची. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदी पात्राबाहेर आली तेव्हा लोक विचारत होते, आमचं घर रेषेच्या आत का बाहेर? नदीकाठच्या माणसाला ‘माझा टीबीएम शंभर’ सांगून भागत नाही. जुळे सोलापुरात ताईंना नदीची भीती नाही, रस्त्याची आहे.

दोनगुंठेवाली

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! चिरंजीव दोनदा वाचून काढून आता मला आइन्स्टाइन शिकवतायत.

काका, टीबीएम सापडला. शेजाऱ्यांच्या कंपाउंडच्या खांबाच्या बुडाशी लाल रंगाची खूण आहे. गवंड्याला घेऊन नळी फिरवली. रस्त्याचा मध्य त्या खुणेपेक्षा १० सेंटिमीटर वर, म्हणजे १००.१०० ना? मागच्या चेंबरचं झाकण उघडलं, नाक धरून. पाइपाचा तळ रस्त्याच्या मध्यापेक्षा ९० सेंटिमीटर खाली. आमच्या संडासापासून चेंबर १८ मीटरवर. आमच्याकडे वरची तीनेक फूट काळी माती, खाली मुरूम. आता पुढं सांगा.

ऑटोलेव्हल_काका

शाब्बास. इतकी माहिती ठेकेदारसुद्धा देत नाही.

आधी ती लाल खूण. कंपाउंडचा पाया उथळ असतो, काळ्या मातीतच बसलेला. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, आणि खांब तिच्याबरोबर वर-खाली होतो. जोतं आता आणि ड्रेनेज दिवाळीनंतर करणार असाल तर तुमचं शून्यच सरकलेलं असेल. मुरमात पाया गेलेल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या पायरीवर दुसरी खूण करून घ्या आणि तिचा आकडा आजच वहीत लिहा. चेंबरच्या झाकणावर खूण नको, रस्ता झाला की झाकण उचलतात.

ड्रेनेज. चेंबरचा तळ ९९.२००. साठास एक उतारानं १८ मीटरला ३० सेंटिमीटर. म्हणजे संडासाशी पाइपाचा तळ ९९.५०० ला आला तरी पाणी जाईल. तुमची फरशी त्याच्या मीटरभर वर आहे, पाइपाचा व्यास आणि वास अडवणारा ट्रॅप धरूनही भरपूर जागा उरते. तिकडची काळजी सोडा.

रस्ता. जुना थर खरवडून नवा टाकणार का, हे विचारून घ्या. खरवडणार नसतील तर तो १५ सेंटिमीटर वर येईल असं धरा, म्हणजे १००.२५०. तुमचं जोतं १००.६००, फरक उरतो ३५. मला दीड फुटाच्या खाली चालत नाही, कारण हा काही शेवटचा रस्ता नाही. इंजिनिअरला सांगा, जोतं १००.७५० करा. भराव थोडा वाढेल आणि दारात एक पायरी वाढेल.

दोनगुंठेवाली

केलं. साहेब आधी कुरकुरले, मग रस्त्याचे आकडे दाखवल्यावर त्यांनीच नकाशावर खोडून १००.७५० लिहिलं आणि खाली सही केली. दुसरी खूण कोपऱ्यावरच्या जुन्या वाड्याच्या दगडी पायरीवर केलीय, मालकांना विचारून.

जेकार्ड

काका, आमच्या शेडमध्ये पाऊस आला की लूमखाली पाणी येतं. रविवारी सुट्टी असते. नळी माझ्याकडे आहे, बुडबुडा काढून ठेवतो. याल का?

ऑटोलेव्हल_काका

सकाळी सातला येतो. उन्हात बोलावू नका.